सातव्या ट्रॅकमधला माणूस

"बादली कोपऱ्यात आहे," चाळणी मान वर न करता म्हणाली. "आधी ती रिकामी करा, मग एसी उघडा. सकाळपासून ठिबकतोय नुसता."

दारातल्या माणसाने हातातली काळी पेटी खाली ठेवली. बादली उचलली, बाहेरच्या मोरीत ओतून आणली आणि बरोब्बर थेंबाखाली ठेवली. बाहेर रिमझिम चालली होती, त्यामुळे तो स्वतःही एसीच्या बरोबरीने ठिबकत होता.

"झालं," तो म्हणाला. "आता माझी तक्रार सांगू?"

"तुमची? तक्रार तर आमची आहे!"

"तुम्ही माझा माणूस मारलात."

चाळणीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तिने पहिल्यांदा मान वर केली. उंच अंगकाठी, कपाळाला चिकटलेले ओले केस, आणि चेहरा शांत... फारच शांत. असलं वाक्य बोलणाऱ्याचा चेहरा इतका शांत असू नये. टेप कापायची कात्री तिने हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"को... कोणता माणूस?"

"सातव्या ट्रॅकमधला."

तेव्हा कुठे तिला ती काळी पेटी नीट दिसली. ती हत्यारांची नव्हती, ट्रम्पेटची होती. आणि आपण कोणाला मोरीवर पाठवलं हे लक्षात आल्यावर चाळणीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

चाळणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. जुन्या टेपा साफ करून देणाऱ्या त्या छोट्या कंपनीत तिला सगळे याच नावाने हाक मारायचे, कारण तिच्या कानातून बारीकसा खडासुद्धा सुटत नसे. कुणाचा खोकला, खुर्चीची करकर, कागदाची सळसळ, तारांतून येणारी विजेची घूं... तांदूळ निवडावेत तशी ती एकेक आवाज वेचून बाजूला काढायची. सहा वर्षांत तिचं एकही काम परत आलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि थोडा जास्तच होता.

हा जो समोर ठिबकत होता, तो ट्रम्पेटवाला. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या अडगळीतून त्याने जुन्या जॅझ बँडांच्या टेपा शोधल्या होत्या, आणि कधीच बाहेर न आलेल्या बारा रचना निवडून तो एक अल्बम काढत होता. नाव – 'मागची रांग'. ट्रम्पेट वाजवणारा कायम पुढे, दिव्याखाली. त्याच्या मागे अंधारात उभं राहून ज्यांनी जन्मभर ठेका धरला, त्यांचा हा अल्बम. आजवर सगळा व्यवहार ई-मेलवर झाला होता. 'महोदया, ट्रॅक चार पसंत आहे. आपला नम्र.' असली भाषा वाचून चाळणीने मनाशी साठीचे, कानटोपीतले गृहस्थ धरले होते. हे प्रकरण फार तर तेहतिशीचं होतं, आणि कानटोपी तर नव्हतीच.

"सातव्यात सगळे जिथल्या तिथे आहेत," ती सावरून म्हणाली. "बास आहे, पियानो आहे, ड्रम आहेत, सॅक्सोफोन आहे."

"आणि बास वाजवणारा? तो वाजवताना गुणगुणत होता. अर्धी मात्रा मागून. तो कुठे गेला?"

"ती घरघर होय? ती काढली मी. घाण होती ती."

"घाण?"

त्याने तो शब्द असा उच्चारला, जणू त्याच्याच अंगावर कुणी चिखल उडवला होता.

"अहो, जुन्या टेपांत असतेच. मोटर घरघरते, विजेची घूं येते..."

"मोटर मध्येच श्वास घेते का हो?"

चाळणी चाट पडली. चौथ्या ओळीनंतर ती घरघर दर वेळी क्षणभर थांबत होती, हे तिला आठवलं. मोटर जुनी आहे, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. मोटर! सहा वर्षांत पहिल्यांदा खडा सुटला होता, आणि तोही एवढा मोठा, चांगला धडधाकट माणूस.

"सोमवारपर्यंत तुमचा माणूस जिवंत करून देते," ती घाईघाईने म्हणाली. "साफ करण्याआधीची कच्ची प्रत आहे माझ्याकडे."

"नक्की?"

"माझ्या हातून आजवर काही हरवलेलं नाही."

अशी वाक्यं माणसाने बोलू नयेत. भिंतींना कान असतात म्हणतात. या खोलीच्या भिंतींना चार बोटं जाडीचा फोम होता, तरीही त्यांनी ऐकलंच.

जाताना त्याने बादलीत डोकावून पाहिलं. "एसीवाला आला तर त्याला सांगा, बादलीचं काम दुसऱ्याला दिलंय." आणि तो हसला. चाळणीने चहाचा घोट घेतला. त्यात विरघळलेलं बिस्किट होतं, पण तिला ते कळलंच नाही.

तो गेल्यावर तिने कच्च्या प्रतींचा कप्पा उघडला. कप्पा रिकामा होता.

कंपनीचा नियम असा, की गिऱ्हाईकाने ट्रॅक पसंत केला की त्याची कच्ची प्रत पुसायची. सहा ट्रॅक पसंत झाले होते. शुक्रवारी सहाच्या पुसायच्या होत्या. पण सातवाही पसंत होणारच, आपलं काम कोण परत करणार, या तोऱ्यात बाईसाहेबांनी एका फटक्यात सातही पुसून टाकल्या होत्या! दुसऱ्या डिस्कवरची जोडप्रत रोज संध्याकाळी आपोआप पहिल्या डिस्कसारखी होते. पहिलीतलं गेलं, की दुसरीतलंही गेलं.

मूळ टेप होती. लाल पेन्सिलीने 'रद्द' असं लिहिलेल्या खोक्यातली. जुन्या टेपेचा लेप चिकट होतो, म्हणून वाजवण्याआधी ती एका पेटीत आठ तास मंद आचेवर शेकावी लागते. ही टेप पहिल्याच वेळी कशीबशी वाजली होती. चाळणीने ती पुन्हा शेकली, देवाचं नाव घेऊन यंत्रावर चढवली आणि बटण दाबलं. तीन सेकंदांत तांबूस भुकटी खाली सांडली. यंत्रावरून नुसती पारदर्शक फीत सळसळत गेली.

ती भुकटीकडे बघत बसून राहिली. माणूस खरोखरच मेला होता, आणि तिनेच मारला होता.

सोमवारी चार वाजता तो हजर. बादली ओतून आणली. मग विचारलं, "आला का माणूस?"

खरं सांगायचं, असं ठरवून ती सकाळपासून आरशासमोर वाक्यं घोळवत होती. पण त्याने केसांवरचं पाणी झटकलं, तिच्याकडे इतक्या आशेने बघितलं, आणि...

"उद्या," ती म्हणाली.

मग काय, मंगळवारी चार वाजता पुन्हा हजर. मंगळवारीही 'उद्या'. बुधवारी तो दोन कॉफ्या घेऊन आला.

"माणूस नाही तर नाही, निदान कॉफी तरी जिवंत असताना प्या."

"मी चहा पिते."

"माहीत आहे. बिस्किट घालून."

ती लाजली, आणि लाजल्याबद्दल स्वतःवर चिडली. दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोणी आधी केलं यावर दोघांचं आजही एकमत नाही. ती म्हणते त्याने, तो म्हणतो तिने. आम्हाला विचाराल तर एसी जोरात ठिबकायला लागला, तेव्हा दोघंही एकदमच ओरडले होते, "अरे, धर!" आणि "अगं, सरक!"

आठवा, नववा, दहावा ट्रॅक त्यांनी शेजारी बसून साफ केला. कुठला खोकला ठेवायचा, कुठला काढायचा यावर कडाकडा भांडून. तो खुर्ची ओढून जवळ बसायचा, आणि चाळणीला स्वतःच्याच श्वासाचा आवाज मोठा वाटायला लागायचा. तो कोणत्या बटणाने कमी करायचा हे काही सापडत नव्हतं.

आणि रोज निघताना तो विचारायचा, "माणूस?"

आणि रोज ती म्हणायची, "उद्या."

खरं सांगितलं की चार वाजणं थांबणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज एक 'उद्या' देऊन ती चार वाजणं चालू ठेवत होती. हे चुकीचं होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

अठराव्या दिवशी तिने विचारलं, "तुला त्या गुणगुणणाऱ्याचं एवढं काय रे? बाकीच्या अकरा ट्रॅकमध्ये कोणी नाही गुणगुणत."

तो बराच वेळ ट्रम्पेटच्या पेटीची कडी उघडत आणि लावत राहिला.

"मी नऊ वर्षांचा होतो. वडील समोर बसून शिकवायचे, चुकलं की छडी. वाजवायचं म्हटलं की मी लपून बसायचो. माझा मामा त्या स्टुडिओत कारकून होता. रद्द झालेल्या एका टेपेची त्याने कॅसेटवर नक्कल करून आणली होती. ती लावली, आणि मागून कोणीतरी गुणगुणत होतं... मजेत. आपण गुणगुणतोय हे त्याचं त्यालाही माहीत नसावं. मला धक्काच बसला. म्हटलं, वाजवताना माणूस एवढा खूश असू शकतो? असं चालतं?" तो हसला. "दुसऱ्या दिवसापासून मी छडीला भ्यायचं सोडलं. हा अख्खा अल्बम मी त्याच्यासाठी काढतोय गं. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. खोक्यावर कोणाचंच नाव नव्हतं."

चाळणी खुर्चीतून पुढे झुकली.

"ती कॅसेट...?"

"यंत्राने खाल्ली. चाळीस सेकंद उरलेत, तेही खरखरीत. ऐक."

त्याने फोन तिच्या कानाशी धरला. आधी नुसती खरखर. मग दूरवरून बासचे ठोके. आणि त्याच्या मागून, अर्धी मात्रा उशिरा, नाकातल्या नाकात एक गुणगुण. चार ओळी झाल्या. थांबली. श्वास घेतला, आणि 'हं' असं उगाचच स्वतःला होकार देऊन पुढे निघाली.

चाळणीने फोनसकट त्याचा हात कानावर घट्ट दाबून धरला.

हे 'हं' ती जन्मल्यापासून ऐकत होती.

"काय झालं? अशी पांढरीफटक का पडलीस?"

"उद्या!" एवढंच म्हणून तिने पर्स उचलली आणि ती पळत सुटली. छत्री तिथेच राहिली.

घरी बाबा इस्त्री करत होते. बाबा पाणीखात्यातून निवृत्त झालेले. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते ऐकायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. 'तुझा कान माझ्यावर गेलाय,' असं ते म्हणायचे, तेव्हा ते पाइपांबद्दल बोलतायत असंच चाळणीला वाटायचं. ती ओल्या चपलांनी दारातच उभी राहिली. इस्त्री पुढे, इस्त्री मागे, आणि अर्धी मात्रा उशिरा ती गुणगुण. चार ओळी. श्वास. 'हं.'

"बाबा, तुम्ही बास वाजवायचात?"

इस्त्री थांबली. बाबांचा हातही तिच्यावर तसाच थांबला. कापड करपल्याचा वास यायला लागला.

"अहो, बाही!" आई आतून धावत आली आणि तिने इस्त्री उचलली. निळ्या शर्टाच्या बाहीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. आईने एकदा शर्टाकडे, एकदा बाबांकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. "कळलं वाटतं हिला," ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला? अगं, मी ह्यांच्या त्या गुणगुणण्यावरच भाळले ना! नाहीतर यांच्यात बघण्यासारखं दुसरं होतं काय?"

बाबांना हसू आलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि करपलेल्या बाहीवरून बोट फिरवत राहिले.

"एकच रेकॉर्डिंग मिळालं होतं आमच्या बँडला," ते म्हणाले. "पाच वेळा वाजवलं. पाचही वेळा काचेमागून तो रेकॉर्डिंगवाला म्हणायचा, 'बासवाल्याच्या तोंडातून घाण येतेय.' मी ओठ दाताखाली धरले. रक्त आलं, पण तरी ते येतच होतं. पाचव्या वेळी त्याने माझ्यासमोर खोक्यावर लाल पेन्सिलीने 'रद्द' लिहिलं. सहाव्या वेळी माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलं. मी बास एका दोस्ताला देऊन टाकला आणि पाणीखात्यात अर्ज केला. पाइप ऐकताना तोंड बंद ठेवायची गरज नसते."

चाळणीला तिथल्या तिथे रडू कोसळलं. "बाबा, ती टेप सापडलीय. अल्बममध्ये येणार होती. पण मी... मीसुद्धा तेच केलं. घाण म्हणून काढून टाकलं. आता ती कुठेच नाही."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "काम चोख केलंस. उगाच रडू नकोस."

"तो मुलगा तुम्हाला शोधतोय, बाबा. लहानपणापासून."

"त्याला काही सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला. त्याच्या मनात कोणीतरी मजेत वाजवणारा माणूस आहे. त्याला पाणीखात्यातला म्हातारा दाखवून कशाला विचका करायचा?"

बाबा उठून आत गेले. आईने शर्टाची घडी केली आणि हळूच म्हणाली, "तुला झोपवताना ते जे गुणगुणायचे ना, ते हेच." चाळणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो तिची छत्री घेऊन आला.

"बस," ती म्हणाली. "नको, उभाच राहा. कच्ची प्रत नाहीये. मी ती पुसली. तू पहिल्यांदा आलास, त्याच्या आधीच. टेपही गेली. तुझा माणूस परत येणार नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला तिला दिसला.

"आज एकोणिसावा दिवस," तो अगदी हळू म्हणाला. "तू रोज म्हणायचीस, उद्या."

"हो."

"का?"

"उद्या तू यावास म्हणून."

हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं. एसीचा थेंब बादलीत पडला. मग दुसरा पडला.

"हे... हे दोन्ही मला एकाच दिवशी ऐकायला नको होतं," तो म्हणाला. त्याने छत्री टेबलाला टेकवली आणि तो निघून गेला. बादली तशीच भरलेली राहिली.

रात्री ई-मेल आली. 'महोदया, ट्रॅक सात वगळावा. शनिवारी अकरा ट्रॅक ऐकून अंतिम संमती देईन. आपला नम्र.'

त्या 'महोदया'ने चाळणीला जेवढं रडवलं, तेवढं कुठल्या शिवीनेही रडवलं नसतं. बाबा कोण आहेत हे सांगितलं असतं तर तो धावत आला असता. पण शपथ होती. आणि शपथ नसती, तरी बाबांना पुढे करून स्वतःची चूक झाकायची, हे तिच्याने झालं नसतं. तिने जेवण सोडलं. शनिवारी डबा स्वयंपाकघरातच ठेवून ती कामाला गेली.

शनिवारी तो आला आणि दोन हात लांब बसला. पहिले सहा ट्रॅक त्यांनी न बोलता ऐकले. सहावा संपला तेव्हा चाळणीने आठव्यावर बोट नेलं.

"थांबा," तो म्हणाला. पुन्हा 'तुम्ही'! "सातवा एकदा लावा. काढून टाकायच्या आधी निदान एकदा ऐकतो."

तिने लावला. दोघंही स्पीकरकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसले. बास सुरू झाला, स्वच्छ, गोल, एकटा. मागे दार वाजलं. त्याने जरासं वळून पाहिलं. निळ्या शर्टातला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक वयस्क माणूस छताकडे बघत उभा होता.

"आलात एकदाचे! बादली कोपऱ्यात आहे, काका. आधी ती रिकामी करा," ट्रम्पेटवाला दबक्या आवाजात म्हणाला, आणि परत स्पीकरकडे वळला.

चाळणीने मान वळवलीच नाही. तिला डोळे पुसायचे होते.

बादली उचलल्याचा आवाज आला. पावलं बाहेर गेली. परत आली. बादली थेंबाखाली ठेवली गेली. स्पीकरमधला बास दुसऱ्या फेरीला लागला होता... आणि अर्धी मात्रा उशिरा, त्याच्या मागून, नाकातल्या नाकात...

चाळणीचं बोट बटणावर गोठलं.

चार ओळी. श्वास. 'हं.'

ट्रम्पेटवाला ताडकन उठला. आधी स्पीकरकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग मागे. मागे, एका हातात लेकीचा घरी राहिलेला डबा घेऊन, बाबा डोळे मिटून उभे होते. एकतीस वर्षांनी ते स्वतःचा बास ऐकत होते, आणि त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं की तोंडातून काय निघतंय.

ट्रॅक संपला. बाबांनी डोळे उघडले, आणि दोन तोंडांचा 'आ' बघून त्यांनी चटकन ओठ दाताखाली धरले.

"माफ करा," ते पुटपुटले. "मी नुसता डबा द्यायला आलो होतो. घाण येते माझ्या तोंडून, सवयच आहे..."

ट्रम्पेटवाला मटकन खाली जमिनीवरच बसला.

"काका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पार चिरकला, "ती घाण पुन्हा एकदा ऐकवाल?"

पुन्हा ऐकवणं इतकं सोपं नव्हतं. बाबांना काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं, कानांवर हेडफोन चढवले, समोर माईक ठेवला, आणि गुणगुण गायब! तीन वेळा ट्रॅक लावला, तिन्ही वेळा बाबा परीक्षेला बसल्यासारखे ताठ.

"हुकमी येत नाही गं ते," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "हात रिकामे असले की येत नाही."

ट्रम्पेटवाल्याने आपली काळी पेटी उघडली. ट्रम्पेट आणि एक मऊ फडकं बाबांच्या हातात दिलं. "पुसता पुसता ऐका, काका. बाकी काही करू नका." आणि तो त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला, नऊ वर्षांचा असल्यासारखा.

काचेच्या अलीकडे चाळणीने लाल दिवा लावला. बाबांनी फडकं फिरवायला सुरुवात केली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला अर्धी मात्रा उशीर करून माणूस आला. चाळणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती एक बटणही हलवत नव्हती.

शेवटचा सूर विरला. बाबांनी 'हं' केलं.

"काका," ट्रम्पेटवाल्याने विचारलं, "टेप अजून चालू आहे ना?"

"लाल दिवा तर आहे बुवा."

"बरं आहे." तो माईकशी सरकला आणि काचेतून थेट तिच्याकडे बघत म्हणाला, "मी तीन दिवस घरी बसून रागावलो. रोज चार वाजले की राग जायचा, म्हणून सव्वाचारला पुन्हा नव्याने रागवायचो. जमलं नाही. मी रोज माणूस परत आला का ते बघायला येत नव्हतो गं. निदान दुसऱ्या दिवसापासून तरी नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर. मला आणखी किती 'उद्या' देणार आहेस?"

काचेपलीकडे बोलायच्या बटणावर चाळणीचं बोट केव्हाचं दाबलेलं होतं, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"अगं बाई!"

तिचं 'अगं बाई' पलीकडच्या स्पीकरमधून खोलीभर घुमलं, माईकमध्ये शिरलं आणि लाल दिव्याखाली जसंच्या तसं टिपलं गेलं. बाबांनी फडकं मांडीवर ठेवलं.

"हे उत्तर समजायचं का?" ट्रम्पेटवाल्याने त्यांना हळूच विचारलं.

"हिच्या आईनेही मला हेच उत्तर दिलं होतं," बाबा म्हणाले.

'मागची रांग' बारा ट्रॅकचाच निघाला. वेष्टनावर सातव्या ट्रॅकखाली ट्रम्पेटवाल्याने लिहून घेतलंय : 'बास – चाळणीचे बाबा. गुणगुण – तेच, एकतीस वर्षांनंतर.' ज्यांना जुन्यात नवं मिसळलेलं चालत नाही, त्यांच्यासाठी सगळं खरं खरं छापलंय. आणि तो ट्रॅक संपल्यावर आवाज वाढवून ऐकलात, तर अगदी टोकाला, हादरलेल्या एका बाईचा आवाज येतो. त्याच्या आधीचं बोलणं तेवढं ट्रम्पेटवाल्याने स्वतः कापलं; ते त्या दोघांचं आहे.

कंपनीच्या मोठ्या साहेबांना तो आवाज मुळीच पसंत नाही. नव्या प्रती काढायची वेळ आली की ते दारात येऊन विचारतात, "काय गं चाळणी, ते सातव्यातलं 'अगं बाई' कधी साफ करणार?"

शेजारी बसलेला बादलीवाला हसू दाबतो.

"उद्या," चाळणी म्हणते.